रूटची खुर्ची: संगणकातल्या सर्वाधिकाराचा छोटा इतिहास



आजचा विषय वरवर पाहता किरकोळ आहे. लिनक्स असलेला संगणक सुरू केला की नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट स्क्रीनवर येते. तिथं नेहमीचं नाव न टाकता 'रूट' असं टाकलं, तर आजकाल बहुतेक ठिकाणी यंत्र आत घेत नाही. संगणक आपला, पैसे आपण मोजलेले, विजेचं बिल आपण भरतो, आणि मालकालाच दारात अडवणारा हा कोण, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. मग शोधाशोध होते, दोन फायलींत दोन ओळी बदलल्या जातात आणि रूटची खुर्ची मिळते. त्या ओळी आपण पाहणारच आहोत. पण ते दार बंद कुणी केलं आणि का केलं, हे आधी पाहू. त्यामागं साठ वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात आम्ही आयुष्यभर ज्या विषयाची मास्तरकी केली त्या तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न दडलेला आहे. अधिकार माणसाला द्यायचा, की कामाला?

सुरुवात एका फजितीपासून करू. 1960 च्या दशकात एमआयटीमध्ये सीटीएसएस नावाची प्रणाली चालत असे. फर्नांडो कॉर्बाटो हे तिचे प्रमुख. एका मोठ्या यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करायचं, ही कल्पना ज्यांनी प्रत्यक्षात आणून दाखवली त्यांत सीटीएसएसचं नाव अगदी वरचं. अनेक माणसं आली की ज्याच्या त्याच्या फायली वेगळ्या ठेवणं आलं, आणि म्हणून पासवर्ड आला. एके दिवशी काय झालं, जो कुणी लॉगिन करी त्याच्यासमोर 'आजची सूचना' यायच्या ऐवजी सगळ्या लोकांचे सगळे पासवर्ड छापून येऊ लागले!

हे घडलं कसं, ते कॉर्बाटोंनी पुढं आपल्या ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितलं आहे. मजकूर दुरुस्त करणारा जो प्रोग्रॅम होता, तो काम चालू असताना एक तात्पुरती फाइल करी आणि तिला नेहमी एकच नाव देई. एका फोल्डरमध्ये एका वेळी एकाच माणसानं काम करायचं असा नियम असल्यामुळं त्यात धोका नव्हता. पण यंत्र सांभाळणाऱ्या मंडळींचं फोल्डर सामाईक होतं, आणि त्यांच्या सोयीसाठी त्यांच्यापुरता हा नियम सैल केला गेला. मग एक जण सूचना दुरुस्त करतोय आणि दुसरा त्याच वेळी पासवर्डची फाइल दुरुस्त करतोय, असा योग आला. दोन तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली आणि सगळी तिजोरी चव्हाट्यावर आली.

यात चोर कुणीच नव्हता, हे लक्षात घ्या. दोघंही विश्वासू, दोघंही जाणकार. नियमातून सूट मिळाली होती ती सर्वाधिकाऱ्यांना, आणि दोघं काम करत होते एकाच सामाईक जागी. आजच्या व्याख्यानाचं बीज या गोष्टीत आहे.

सीटीएसएसच्या पुढची पायरी म्हणजे मल्टिक्स. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांचा हा संयुक्त प्रकल्प. 1969 मध्ये बेल लॅब्ज त्यातून बाहेर पडली, आणि तिथल्याच केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी एका लहानशा यंत्रावर स्वतःची प्रणाली उभी केली, ती युनिक्स. तिची पहिली पुस्तिका नोव्हेंबर 1971 ची आहे. त्या पुस्तिकेत 'एसयू' नावाची कमांड आहे. पासवर्ड दिला की ही कमांड तुम्हाला सुपरयूझर करते, आणि या सुपरयूझरच्या अंगी नाना अद्भुत शक्ती असतात, असं तिथं थोडं मिस्कीलपणे नोंदवलं आहे.

ही अद्भुत शक्ती म्हणजे नेमकं काय? युनिक्समध्ये प्रत्येक वापरणाऱ्याला एक क्रमांक असतो. फाइल उघडायची झाली की प्रणालीचा गाभा विचारतो, हा क्रमांक कुणाचा, याला परवानगी आहे का? क्रमांक शून्य असेल तर हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. 'रूट' हे नाव माणसांच्या सोयीचं, यंत्राला कळतो तो शून्य. सगळी सत्ता या एका आकड्यात भरलेली. ज्याच्या हाती शून्य, त्याला सगळं माफ.

पण रिचींनी त्याच काळात आणखी एक युक्ती काढली, आणि आमच्या मते युनिक्समधल्या अत्यंत विचारप्रवर्तक कल्पनांपैकी ती एक आहे. अडचण साधी होती. पासवर्डची फाइल फक्त रूटनं बदलायची, पण स्वतःचा पासवर्ड तर प्रत्येकाला बदलता यायला हवा. मग प्रत्येकाला रूट करायचं का? रिचींनी ठरवलं की अधिकार प्रोग्रॅमला द्यायचा. पासवर्ड बदलणारा प्रोग्रॅम कुणीही चालवावा, तो चालेल रूटच्या ताकदीनं, पण काम करील फक्त तेवढंच. ते संपलं की ताकदही संपली. याला 'सेट-यूआयडी' म्हणतात. बेल लॅब्जनं 1973 मध्ये या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, 1979 मध्ये ते रिचींच्या नावानं मिळालं, आणि पुढं ते सर्वांसाठी खुलं करण्यात आलं.

म्हणजे पाहा, एकाच प्रणालीत दोन विचार शेजारी शेजारी नांदत होते. एक म्हणतो, तू रूट आहेस, काय वाटेल ते कर. दुसरा म्हणतो, हे काम रूटचं आहे, ते कर आणि परत जा. आपल्या जुन्या घरांत तिजोरीची किल्ली मोठ्या सुनेच्या कमरेला असे, आणि नोकराला कोठारातून गहू आणायचा असला तर त्याला फक्त कोठाराची किल्ली तेवढ्यापुरती मिळे. सगळा जुडगा कुणी काढून देत नसे. व्यवहारातलं हे शहाणपण 1975 मध्ये जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी एका प्रसिद्ध निबंधात तत्त्व म्हणून मांडलं. प्रत्येक प्रोग्रॅमला आणि प्रत्येक वापरणाऱ्याला हातातलं काम पुरं करायला लागेल तेवढाच अधिकार असावा. संगणकाच्या सुरक्षेवरच्या पाठ्यपुस्तकांत आजही हे तत्त्व असतंच असतं.

आता एसयू कमांडचा एक दोष सांगतो. तिला लागतो रूटचा पासवर्ड. विभागात पाच जण यंत्र सांभाळत असतील, तर पाचांना तो ठाऊक. आत गेल्यावर पाचही जण रूट. रात्री एखादी महत्त्वाची फाइल उडाली, तर ती रूटनं उडवली एवढंच कळणार. पाचांपैकी कुणी, ते सांगणं अवघड. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये गायजीसच्या अंगठीची गोष्ट आहे. ती अंगठी फिरवली की माणूस अदृश्य होतो. प्लेटोचा प्रश्न असा की, कुणाला दिसणार नाही अशी खात्री असेल तर न्यायी माणूस न्यायी राहील का? सामाईक पासवर्ड ही तशीच अंगठी आहे.

यावर उतारा निघाला 1980 च्या सुमारास, न्यूयॉर्क राज्यात, बफेलोच्या विद्यापीठात. बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी 'सुडो' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. त्यात वापरणारा साधारणपणे स्वतःचाच पासवर्ड देतो, रूटचा नाही. कुणी कोणती कमांड चालवायची याची यादी एका फाइलमध्ये असते. केलेल्या कामाची नोंद राहते: अमुक माणसानं अमुक वेळी अमुक कमांड चालवली. अधिकार एका कमांडपुरता, आणि माणसाचं नाव पुसलं जात नाही. या एवढ्याशा गोष्टीनं अंगठीचा निम्मा प्रभाव गेला.

पण याला विरोधही झाला, आणि तो ऐकण्यासारखा आहे. बर्कलीच्या युनिक्समध्ये 'व्हील' नावाच्या गटात जे असतील त्यांनाच एसयू वापरता येई. रिचर्ड स्टॉलमन यांनी आपल्या जीएनयू प्रकल्पातल्या एसयूमध्ये ही अट घालायला नकार दिला आणि कारण माहितीपत्रातच लिहून ठेवलं. एमआयटीच्या प्रयोगशाळेत 1984 मध्ये मोजक्या लोकांनी पासवर्ड बदलून सगळी सत्ता आपल्याकडं घेतली होती. मूठभरांनी बाकीच्यांवर राज्य करण्याची सोय आपण करून द्यायची नाही, अशी त्यांची भूमिका. सामान्य वापरणाऱ्याला कुणी दयाळूपणे पासवर्ड सांगितला तर तो त्याला वापरता आला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. सुरक्षेच्या नावाखाली मालकी काढून घेतली जाऊ शकते, ही त्यांची भीती खोटी नाही. ती मनात ठेवूनच पुढं जाऊ.

इथपर्यंत सगळा कारभार अक्षरांचा होता. कमांड लिहायची, उत्तर वाचायचं. 1984 मध्ये एमआयटीतच एक्स विंडो प्रणाली सुरू झाली, आणि खिडक्या, चित्रं, माउस आले. पुढं लॉगिनची चौकटही चित्रमय झाली. 1991 मध्ये लिनक्स आलं, त्या दशकाच्या उत्तरार्धात केडीई आणि ग्नोम ही डेस्कटॉप आली, आणि सर्वसाधारण माणसाच्या हाती युनिक्सचं सगळं राज्य आलं, रूटसकट.

आणि इथं गोष्ट पालटली. अक्षरांच्या काळात रूट होणं म्हणजे एक काळी स्क्रीन आणि तुम्ही लिहाल ती कमांड. चित्रमय डेस्कटॉपवर रूट म्हणून बसलात की तुमच्या नकळत कित्येक प्रोग्रॅम सुरू होतात. घड्याळ दाखवणारा, फायलींची चित्रं बनवणारा, फाँट वाचणारा, आवाज सांभाळणारा, पेनड्राइव्ह लावला की धावत येणारा. हे सगळे शून्य क्रमांकाचे! एखाद्या बिघडवलेल्या चित्राची छोटी प्रतिमा बनवताना त्यातला एक प्रोग्रॅम फसला, तर फसलेल्याच्या हातात सगळा जुडगा. त्यात एक्स प्रणालीचा स्वभावच भोळा. तिच्यात एका खिडकीतला प्रोग्रॅम दुसऱ्या खिडकीत दाबलेल्या कळा वाचू शकतो. म्हणजे रूटची एक खिडकी बाकीच्यांत उघडली, तरी तिच्यात लिहिलेलं शेजाऱ्याला ऐकू जातं.

हा धोका ओळखून दारं हळूहळू बंद होत गेली. 2001 मध्ये ॲपलची मॅक ओएस टेन आली तीच रूट खातं बंद ठेवून. उलट त्याच सुमारास निघालेल्या लिंडोज या लिनक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये वापरणारा थेट रूट म्हणूनच काम करत असे, आणि त्यावर बरीच टीका झाली. ऑक्टोबर 2004 मध्ये उबुंटूची पहिली आवृत्ती आली. तिच्यात रूटला पासवर्डच नव्हता, सगळं काम सुडोवर. नोव्हेंबर 2008 मध्ये फेडोरा 10 नं चित्रमय लॉगिनच्या चौकटीतून रूटला वगळलं. सुरक्षेची चाचणी घेणाऱ्यांसाठी असलेलं काली लिनक्स रूटवरच चालायचं, त्यानंही जानेवारी 2020 मध्ये साधं खातं स्वीकारलं.

या दारात किती जोखीम आहे, हे एका घटनेनं सगळ्या जगाला दाखवलं. 28 नोव्हेंबर 2017 ला उघड झालं की मॅकच्या हाय सिएरा आवृत्तीत नावाच्या जागी 'रूट' लिहायचं, पासवर्ड रिकामा ठेवायचा आणि बटण दोनदा दाबायचं, की यंत्र खुलं! बंद असलेलं खातं त्या प्रयत्नानंच रिकाम्या पासवर्डनिशी सुरू होत होतं, आणि मग लॉगिनच्या चौकटीतूनही आत जाता येत होतं. ॲपलनं दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती पाठवली. दार असलं की कधीतरी ते उघडं राहतं.

आता त्या दोन ओळी. डेबियन किंवा उबुंटूवर ग्नोम असेल, तर आधी रूटला पासवर्ड द्यावा लागतो. मग लॉगिनची चौकट चालवणारा जो जीडीएम, त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये सुरक्षेच्या भागात 'अलाउ रूट' म्हणून एक ओळ 'ट्रू' अशी लिहायची. त्यानंतर पॅम नावाची जी ओळखतपासणीची व्यवस्था आहे, तिच्यातल्या जीडीएमच्या फाइलमध्ये 'वापरणारा रूट नसावा' अशी अट असलेली ओळ असते, तिच्या सुरुवातीला एक चिन्ह घालून ती निकामी करायची. झालं. हे लपवून ठेवण्यासारखं काही नाही. यंत्र तुमचं आहे, आणि स्टॉलमन यांचा मुद्दा आम्हाला इथं पूर्ण मान्य आहे. दार उघडण्याची वाट माहीत असणं हा मालकाचा हक्क. प्रश्न एवढाच की त्या दारानं रोज ये-जा करावी का?

लोकांना तिथं जायचं असतं कशासाठी, ते पाहिलं तर उत्तर आपोआप मिळतं. पहिली गरज असते सेटिंगची एखादी फाइल दुरुस्त करण्याची. त्यासाठी 'सुडोएडिट' आहे. तो फाइलची प्रत तुमच्यापुढं ठेवतो, तुम्ही साध्या अधिकारानं ती दुरुस्त करता, आणि फक्त जतन करण्याचं काम रूटच्या ताकदीनं होतं. दुसरी गरज खिडकीतूनच फायली हलवण्याची. ग्नोममध्ये फायलींच्या पत्त्याआधी 'ॲडमिन' आणि अपूर्णविराम लिहिला की पासवर्ड विचारून तेवढी जागा उघडते, आणि खिडकी तुमच्याच अधिकारात राहते. तिसरी गरज प्रिंटर, नेटवर्क, नवं सॉफ्टवेअर यांची. तिथं पोलकिट नावाची व्यवस्था मधे उभी असते. खिडकी साध्या अधिकारात चालते, आणि नेमकं जे काम अधिकाराचं, तेवढ्यासाठी पासवर्डची चौकट वर येते.

चौथी गरज फार गंमतशीर आहे. पुष्कळदा बाहेरची डिस्क किंवा एखादं उपकरण 'परवानगी नाही' म्हणतं आणि माणूस वैतागून रूट व्हायला निघतो. तिथं रूटचं काम नसतंच. फोल्डरची मालकी आपल्या नावावर करायची किंवा आपलं नाव योग्य गटात घालायचं, एकदाच, की पुन्हा विचारणं नाही. आणि यंत्र अगदीच आजारी पडलं, डेस्कटॉप उघडतच नाही, तर चित्रमय रूटही उघडणार नाही. तिथं रिकव्हरी मोडमधली काळी स्क्रीनच कामाला येते.

एक जुनी खोड मात्र सोडायला हवी. खिडकीचा प्रोग्रॅम सरळ सुडो लावून चालवायचा. त्यानं कधी कधी तुमच्याच घरच्या फोल्डरमध्ये रूटच्या मालकीच्या फायली तयार होतात. लॉगिनसाठी लागणारी फाइल त्यात सापडली, तर दुसऱ्या दिवशी बरोबर पासवर्ड देऊनही चौकट पुन्हा पुन्हा समोर येत राहते. यासाठी पूर्वी 'जीकेसुडो' नावाचं साधन होतं, ते एप्रिल 2018 च्या उबुंटूतून काढून टाकलं गेलं. वेलँड ही नवी चित्रप्रणाली आल्यावर तर रूटची खिडकी साध्या माणसाच्या डेस्कटॉपवर सहजी उघडेनाशी झाली. लोक चिडले, पण तोवर ॲडमिन पत्ता आणि पोलकिट या वाटा तयार झाल्या होत्या.

मग सुडो आणि पोलकिट म्हणजे अभेद्य का? मुळीच नाही. जानेवारी 2021 मध्ये सुडोत एक मोठं भगदाड सापडलं, ते जवळजवळ दहा वर्षं तिथं होतं. बरोबर वर्षभरानं पोलकिटच्या 'पीकेएक्झेक'मध्ये सापडलं, ते बारा वर्षांहून जुनं. दोन्हींत साधा वापरणारा थेट रूट होऊ शकत होता. दोन्ही प्रोग्रॅम रिचींच्या त्या सेट-यूआयडी युक्तीवर उभे होते. कामापुरता अधिकार घेतलेला नोकर मालकाच्या हुकमात लपवलेल्या लबाडीला फसला, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून आता पुढचं पाऊल पडतंय. 2024 मध्ये सिस्टमडीनं 'रन-झिरो' आणलं, ते सेट-यूआयडीवर अवलंबून नाही आणि अधिकार हाती असताना स्क्रीनला लालसर रंग देतं. ऑक्टोबर 2025 च्या उबुंटूनं रस्ट भाषेत नव्यानं लिहिलेला सुडो स्वीकारला. काम चालू आहे.

एका श्रोत्याची चिठ्ठी आली आहे, ती घेतो आणि थांबतो. ते लिहितात, "घरी एकच माणूस संगणक वापरतो. फोटो, पत्रं, बँकेचा व्यवहार सगळं माझ्याच साध्या खात्यात. चोर तिथंच आला तर रूट वाचवून मला काय मिळालं?"

प्रश्न अगदी मार्मिक आहे. तुमच्या पत्रांपुरतं पाहिलं तर फारसं काही मिळालं नाही, हे कबूल. त्यासाठी वेगळी प्रत ठेवा, दुसरा उपाय नाही. पण साध्या खात्यात शिरलेला चोर घरात असतो, तर रूट झालेला चोर घराच्या भिंतींत असतो. तो नोंदी पुसतो, स्वतःला गाभ्यात लपवतो आणि तुम्ही ज्या साधनांनी त्याला शोधणार ती साधनंच बदलतो. पहिल्याला हाकलता येतं. दुसऱ्यानंतर सगळं पुसून नव्यानं मांडावं लागतं. आणि चोराचं सोडा. सीटीएसएसच्या त्या दोघांची गोष्ट आठवा. तिथं चोर नव्हताच. आपल्या हातून रोज होणाऱ्या चुका साध्या खात्यात घडल्या, तर त्यांनी निदान यंत्र तरी मोडत नाही. पासवर्डची चौकट वर येते त्या क्षणी यंत्र विचारतं, "खरंच करायचंय ना?" रूटच्या खुर्चीत बसलेल्याला तो प्रश्न कुणी विचारत नाही.

तेव्हा किल्ली तुमची आहे, ती तुमच्याकडंच राहू द्या. कोठार उघडायचं तेव्हा कोठार उघडा, गहू घ्या, कुलूप लावा. रूटच्या लॉगिनची ती ओळ कधी बदलली असेल, तर काम झाल्यावर पूर्ववत करा आणि रूटच्या पासवर्डलाही पुन्हा कुलूप लावा.